फौज आपला आकार कसा बदलते

१९४२ च्या जानेवारीत भारतीय लष्कराची १७ वी डिव्हिजन (काही ब्रिगेडी मिळून बनणारी मोठी फौज) ब्रह्मदेशात जपानी फौजेसमोर उभी ठाकली, तेव्हा तिची सगळी भिस्त ट्रकांवर होती. आदल्याच वर्षी अहमदनगरला उभारलेली ही डिव्हिजन मध्यपूर्वेतल्या मोकळ्या मैदानांसाठी तयार होत होती. ऐनवेळी तिच्या दोन ब्रिगेड काढून मलायाकडे रवाना झाल्या, त्यांच्या जागी दुसऱ्या जोडल्या गेल्या आणि डिव्हिजन जंगलात आली. ट्रकला रस्ता लागतो, आणि दक्षिण ब्रह्मदेशात रस्ते मोजके. जपानी तुकड्या पायवाटांनी वळसा घालून पिछाडीला जात, रस्त्यावर नाकाबंदी करत, आणि ताफा अडकला की अख्खी डिव्हिजन अडकत असे. २३ फेब्रुवारीला पहाटे सिटांग नदीवरचा पूल आपल्याच सैन्याने उडवला, तेव्हा डिव्हिजनचा मोठा भाग अजून पलीकडच्या काठावर होता. मिळेल त्या तराफ्यावरून आणि पोहून जवान अलीकडे आले. जे गोळा झाले, त्यांतल्या निम्म्याहून कमी जणांच्या हातात रायफल उरली होती.

वर्षभराने हीच डिव्हिजन पाहिली तर ओळखू येत नाही. दोनच ब्रिगेड, बहुतेक ट्रक गेलेले, त्यांच्या जागी खेचरं आणि जीप. नावही बदलून 'लाइट डिव्हिजन' झालेलं. टिड्डिमच्या डोंगरांत आणि पुढे १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत ती याच रूपात लढली. १९४५ उजाडलं आणि लढाई डोंगरातून मध्य ब्रह्मदेशाच्या कोरड्या सपाट मुलखात उतरली. तेव्हा तिथले सेनापती जनरल स्लिम यांनी तिला पुन्हा बदललं. आता तीन ब्रिगेड. दोन पूर्णपणे वाहनांवर, तिसरी विमानातून नेता येईल अशी हलकी. सोबतीला शर्मन रणगाड्यांची ब्रिगेड. फेब्रुवारीच्या शेवटी वाहनांवरच्या दोन ब्रिगेडी आणि रणगाडे मेइक्टिलाच्या दिशेने धावले, वाटेतली थाबुटकोनची धावपट्टी हाती आली, आणि तिसरी ब्रिगेड तिथे विमानांनी उतरली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मेइक्टिला पडलं. जपानी फौजेची रसद जिथून वाटली जायची ते ठिकाणच हातातून गेलं.

तीन वर्षांत तीन रूपं. या एका डिव्हिजनच्या कथेत लष्करी रचनेबद्दलचे जवळपास सगळे प्रश्न सामावले आहेत. रचना कधी बदलायची? कुठल्या पातळीवर बदलायची? आणि बदलली तर माणसं ती पेलतात कशी? लष्कर म्हटलं की हुद्द्यांची ताठ उतरंड डोळ्यांसमोर येते. वरून हुकूम, खाली अंमल. पण ज्या फौजा टिकल्या, त्या सतत आपली मोडतोड आणि जुळणी करत आल्या आहेत. ती जुळणी आतून कशी चालते, ते नीट समजून घेऊ.

आधी 'रचना' म्हणजे काय ते पाहू. कागदावर चौकोन आणि रेषा काढलेल्या असतात. वर सेनापती, खाली ब्रिगेडी, त्यांच्या खाली बटालियन, कंपनी, प्लाटून, सेक्शन. त्यातून कळतं ते एवढंच, की हुकूम कुणाचा चालतो. प्रत्यक्षात आणखी दोन गोष्टी तितक्याच महत्त्वाच्या असतात. साधनं कुणाच्या ताब्यात आहेत, म्हणजे तोफा, रणगाडे, रेडिओ, इंधन, ड्रोन. आणि कोण कुणाशी मधल्या कुणालाही न विचारता थेट बोलू शकतं. ही तिसरी गोष्ट कागदावर दिसतच नाही. माझ्या मते रचना बदलण्याचे बहुतेक प्रयोग फसतात ते इथेच. चौकोन हलतात, बोलण्याच्या वाटा जुन्याच राहतात.

साधनं वाटण्याच्या ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. एक कामानुसार, दुसरी भागानुसार. अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठात काही संशोधकांनी संगणकावरच्या युद्धखेळात हा फरक फार स्वच्छपणे मांडला. चार जणांचा चमू. समोर एक प्रदेश, त्याचे चार भाग. हाताशी चार प्रकारची साधनं: टेहळणीचं विमान, रणगाडे, हेलिकॉप्टरं आणि जेट विमानं. कामानुसार वाटणी केली तर एकाकडे सगळी टेहळणी विमानं, दुसऱ्याकडे सगळे रणगाडे, तिसऱ्याकडे हेलिकॉप्टरं, चौथ्याकडे जेट. प्रत्येक जण आपल्या कामात पक्का होतो, पण एकटा कुणीच काही पूर्ण करू शकत नाही. रणगाडेवाल्याला समोर काय आहे हे टेहळणीवाल्याकडूनच कळणार. भागानुसार वाटणी केली तर प्रत्येकाला एक भाग आणि त्या भागासाठी चारही प्रकारचं एकेक साधन. आता प्रत्येक जण आपल्यापुरता स्वयंपूर्ण. कुणाला विचारायची गरज नाही, पण शेजारच्या भागात आग लागली तरी लक्ष जाईलच असं नाही.

यातलं चांगलं कुठलं, हा प्रश्नच चुकीचा आहे. शत्रू काय करणार याचा अंदाज बांधता येत असेल तर कामानुसार वाटणी काटकसरीची ठरते आणि ताकद हव्या त्या जागी एकवटता येते. परिस्थिती क्षणाक्षणाला बदलत असेल तर भागानुसार वाटणी सरस, कारण निर्णय घेणाऱ्याला कुणाची वाट पाहावी लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर संस्थेतही १९९० च्या दशकात याच धर्तीचे प्रयोग झाले. त्यांतही हेच दिसलं, की समोरच्या कामाशी जुळणारी रचना असेल तर तो चमू सरस ठरतो.

हा फरक रणांगणावर किती जीवघेणा ठरतो हे पहिल्या महायुद्धाने दाखवलं. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी ब्रिटिश फौजेचे ५७ हजारांवर लोक मारले गेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. त्यांतले १९ हजारांवर मृत. त्या दिवसाची कारणं अनेक आहेत. तोफांचा मारा जर्मन खंदक आणि तारा मोडू शकला नाही, हे त्यांतलं मोठं. पण एक कारण रचनेतलं होतं. लुईस मशीनगनवाले, हातबॉम्बवाले हे 'विशेष' लोक मानले जात आणि प्लाटूनच्या वरच्या पातळीवरून वाटले जात. प्लाटून म्हणजे प्रामुख्याने रायफलवाल्यांची रांग. ती रांग एका मशीनगनसमोर थांबली, की प्लाटूनच्या तरुण अधिकाऱ्याकडे स्वतःचं असं उत्तर नसायचं. मदत मागायला निरोप्या मागे धाडावा लागे, आणि तो पोचेलच याची खात्री नसे.

फेब्रुवारी १९१७ मध्ये ब्रिटिश लष्कराने प्लाटूनसाठी नवी सूचना-पुस्तिका काढली. तीस-चाळीस माणसांची तीच प्लाटून, पण आता चार वेगवेगळे सेक्शन: एक लुईस गनचा, एक हातबॉम्बवाल्यांचा, एक रायफलमधून बॉम्ब फेकणाऱ्यांचा, एक रायफल आणि संगिनीवाल्यांचा. मशीनगन आडवी आली तर लुईस गनने तिला दाबून धरायचं, रायफल-बॉम्ब टाकायचे, आणि बाकीच्यांनी बाजूने शिरायचं. हे सगळं एका लेफ्टनंटच्या डोळ्यांसमोर, त्याच्या आवाजाच्या टप्प्यात. बटालियनकडे असलेली लढाईची छोटी आवृत्ती त्याच्या हातात आली होती. पुढे १९१८ मध्ये माणसं कमी पडू लागली आणि लुईस गन वाढल्या, तेव्हा हीच रचना पुन्हा बदलून दोन सेक्शन लुईस गनचे आणि दोन रायफलचे झाले. खंदकाच्या पलीकडे जर्मन लष्करही त्याच वाटेने चाललं होतं. कॅप्टन विली रोर यांच्या हाताखाली १९१५ पासून घडत गेलेल्या हल्लाबोल तुकड्यांमध्ये हलक्या तोफा, मशीनगन, ज्वालाफेकी, हातबॉम्ब एकत्र बांधले गेले.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती अशी. दोन्ही बाजूंनी नुसती हत्यारं खाली दिली नाहीत. ती वापरायचा निर्णयही खाली दिला. वरच्याने 'काय साधायचं आणि कशासाठी' हे सांगायचं, 'कसं' हे खालच्याने ठरवायचं, हा विचार प्रशियाच्या (जर्मनीतल्या एका जुन्या राज्याच्या) लष्करात एकोणिसाव्या शतकातच रुजला होता. १८०६ मध्ये नेपोलियनकडून झालेल्या दारुण पराभवानंतर तिथे आत्मपरीक्षण सुरू झालं आणि लष्करप्रमुख थोरल्या मोल्टकेंच्या काळात हा विचार पक्का झाला. आज अनेक देशांची लष्करं हुकूम लिहिताना वरच्याचा हेतू वेगळा नोंदवतात. हाताखालच्याने आपल्या कमांडरचा आणि त्याच्याही वरच्या कमांडरचा हेतू समजून घ्यावा, अशी अपेक्षा असते. कारण साधं आहे. रेडिओ बंद पडला, योजना फिसकटली, तरी हेतू माहीत असलेला माणूस काहीतरी उपयोगाचं करू शकतो. हेतू माहीत नसलेला फक्त वाट पाहतो.

आता थोडं मधल्या पातळीवर येऊ, कारण बदलाचं रोजचं काम तिथे होतं. समजा एका पायदळ बटालियनला उद्या गाव घ्यायचं आहे. तिला रणगाड्यांची एक स्क्वाड्रन, सुरुंग काढणारे इंजिनिअर आणि तोफांची मदत हवी. हे सगळे वेगवेगळ्या घरचे लोक. ते बटालियनला दोन प्रकारे मिळू शकतात. एक, 'ताब्यात' देऊन. मग बटालियनचा कर्नल त्यांना थेट हुकूम देतो. दोन, 'मदतीला' देऊन. मग ते आपल्याच वरिष्ठाच्या हुकमात राहतात, पण या बटालियनची मागणी आधी पुरी करतात. ऐकायला बारीक वाटतो, पण हा फरक पाळला नाही की ऐन लढाईत एकाच रणगाड्याला दोन मालक होतात. शिवाय ताब्यात दिलं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. रणगाड्यांना डिझेल कोण देणार? त्यांचा गोळा पायदळाच्या साठ्यात नसतो, तो कुठून येणार? त्यांचे जखमी कुणाच्या इस्पितळात जाणार? रेडिओचे सांकेतिक शब्द आणि फ्रीक्वेन्सी सगळ्यांच्या सारख्या झाल्या का? चौकोन हलवायला एक मिनिट लागतं. या प्रश्नांची उत्तरं लावण्यात रात्र जाते, आणि ज्या फौजेला ही उत्तरं सवयीने तोंडपाठ असतात, तीच पहाटेपर्यंत तयार होते.

मेइक्टिला इथे याचा पुरावा सापडतो. शहर घेतल्यावर जपान्यांनी उलट वेढा घातला आणि धावपट्टीसाठी झुंज सुरू झाली. तेव्हा ५ व्या डिव्हिजनची ९ वी ब्रिगेड विमानांनी आणून १७ व्या डिव्हिजनला जोडली गेली. विमानं उतरत होती तेव्हा धावपट्टीवर गोळे पडत होते. अशा वेळी परक्या डिव्हिजनची ब्रिगेड येऊन लगेच कामाला लागते, कारण स्लिमनी दोन्ही डिव्हिजनची बांधणी आधीच एकसारखी करून ठेवली होती. दोन ब्रिगेडी वाहनांवर, एक विमानासाठी हलकी. सुटा भाग कुठेही बसावा म्हणून त्याचं माप आधी ठरलेलं असावं लागतं.

भारतीय आणि ब्रिटिश पायदळात आणखी एक सोय होती. जवानाची ओळख रेजिमेंटशी बांधलेली. ब्रिगेड ही लढण्यापुरती जुळणी. एका ब्रिगेडमध्ये सर्वसाधारणपणे तीन वेगवेगळ्या रेजिमेंटच्या बटालियन असत, आणि त्या या ब्रिगेडमधून त्या ब्रिगेडमध्ये हलवल्या जात. बटालियन हलली तरी जवानाचा सेक्शन, त्याचा हवालदार, त्याचा सुभेदार, त्याची निशाणं तीच राहत. वरची मांडणी कितीही मोडा, खालचं घर शाबूत. याची उलट बाजू दिसते ती घर मोडून उरलेल्यांची मोट बांधली जाते तेव्हा. १९४४-४५ मध्ये जर्मन लष्कराने फुटलेल्या तुकड्यांचे अवशेष एकत्र करून असे कित्येक तात्पुरते लढाऊ गट उभे केले. ज्या गटांत अनुभवी नायक-हवालदार उरले होते आणि सगळ्यांचं शिक्षण एकाच पद्धतीचं झालं होतं, तिथे ते चकित करणारी झुंज देत. जिथे ते नव्हतं, तिथे गट पहिल्याच धक्क्याला विरघळत.

सगळे बदल यशस्वी होतात असंही नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी लष्कराला वाटलं, की पुढची लढाई अणुबॉम्बच्या सावलीत होणार. माणसं एका जागी गोळा झाली की संपली. म्हणून १९५६-५७ पासून डिव्हिजनची रचना पाच विखुरलेल्या 'बॅटल ग्रुप'ची केली. प्रत्येक ग्रुप जुन्या बटालियनपेक्षा मोठा आणि रेजिमेंटपेक्षा (अमेरिकी लष्करात ही काही बटालियनची लढाऊ तुकडी) लहान, आणि सगळे थेट डिव्हिजन कमांडरच्या हाताखाली. मधला थर काढून टाकलेला. कल्पना तर्काला धरून होती. पण पाच ग्रुप, वर तोफखाना, रणगाडे, इंजिनिअर, रसद, हे सगळं एका मुख्यालयाने पेलायचं म्हणजे फार झालं. तेव्हाचे रेडिओही इतक्या विखुरलेल्या फौजेला सांधून ठेवायला अपुरे होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती रचना गुंडाळावी लागली. तिच्या जागी आली ती अधिक शहाणी मांडणी: तीन ब्रिगेड मुख्यालयं कायमची, त्यांच्या हाताखालच्या बटालियनची संख्या आणि जात मात्र गरजेप्रमाणे बदलती. म्हणजे हुकूम देणारी, नकाशे ठेवणारी, एकमेकांना ओळखणारी मंडळी स्थिर, आणि ताकद फिरती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी चिलखती डिव्हिजननी हेच केलं होतं आणि ते चाललंही होतं. चाललेली गोष्ट विसरून पुन्हा तिथेच यावं लागलं, याची मला हळहळ वाटते. लष्करी इतिहासात असं वारंवार होतं.

आतापर्यंतचे बदल कुणीतरी ठरवून केलेले. काही बदल कुणी न ठरवता होतात, आणि ते मला सर्वांत विलक्षण वाटतात. एडविन हचिन्स नावाचे संशोधक अमेरिकी नौदलाच्या एका हेलिकॉप्टरवाहू जहाजावर दिशादर्शनाचं काम पाहत होते. सॅन डिएगो बंदरात शिरताना जहाजाचं वाफेचं इंजिन बंद पडलं, आणि त्यासोबत खरी उत्तर दिशा दाखवणारा जायरो कंपासही गेला. जहाज प्रचंड, वेग चटकन मोडत नाही, आणि बंदरात इतर नावा. जहाज कुठे आहे हे दर काही मिनिटांनी नकाशावर मांडावंच लागतं. जायरो असताना किनाऱ्यावरच्या खुणेची दिशा थेट मिळते. आता प्रत्येक खुणेसाठी चार आकडे मिळवायचे होते: चुंबकीय कंपासचं वाचन, जहाजाच्या लोखंडामुळे पडणारा फरक, पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे पडणारा फरक, आणि जहाजाच्या नाकापासून खुणेचा कोन.

नकाशापाशी बसलेली दोन माणसं सुरुवातीला गोंधळली. एक आकडा राहून जायचा, दोघं एकच बेरीज करायचे, क्रम दर वेळी वेगळा. मग हळूहळू, कुणीही 'तू हे कर, मी ते करतो' असं पूर्ण न ठरवता, बेरजेचे तुकडे दोघांत वाटले गेले. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात अर्धवट बेरीज ठरावीक जागी जाऊ लागली आणि वेग सावरला. जहाज सुखरूप नांगरलं. मागाहून नीट पाहिलं तर ती वाटणी अगदी विचारपूर्वक आखल्यासारखी दिसते, पण तशी ती कुणी आखली नव्हती. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या कामाकडे पाहून आपलं काम जरासं हलवलं, एवढंच. हे शक्य झालं कारण दोघंही एकमेकांच्या शेजारी होते, एकमेकांचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं आणि एकमेकांचं काम दोघांना थोडंबहुत येत होतं. नौदलात माणूस खालच्या जागेवरून एकेक जागा शिकत वर येतो, त्याचा हा फायदा.

विमानवाहू जहाजाच्या डेकवरही काहीसं असंच दिसतं. एरवी तिथे हुद्दे कडक. पण विमान उतरत असताना धोका दिसला, तर डेकवरचा सर्वांत खालच्या हुद्द्याचा नाविकही ते उतरणं थांबवू शकतो. काही मिनिटांपुरता अधिकार माहिती असलेल्याकडे सरकतो आणि धोका टळला की परत जातो. पिवळा, जांभळा, लाल, हिरवा अशा रंगांच्या जर्सींमुळे कोण कशासाठी आहे हे दुरूनच कळतं. त्या कर्कश आवाजात बोलणं ऐकू येत नाही, तेव्हा रंगच बोलतात.

असं आपोआप जुळणं दर वेळी घडत नाही. ३ जुलै १९८८ रोजी पर्शियन आखातात अमेरिकी युद्धनौका व्हिन्सेन्सने इराणचं एक प्रवासी विमान शत्रूचं समजून पाडलं. २९० जण मेले. विमान वर चढत होतं, आणि नौकेवर मात्र ते खाली येतंय असं सांगितलं जात होतं. माहिती यंत्रात होती, पण तणावाखाली ती माणसामाणसांतून पोचताना विपर्यस्त झाली. या शोकांतिकेनंतर अमेरिकी नौदलाने तणावाखालच्या निर्णयांवर मोठा संशोधन कार्यक्रम हाती घेतला. त्या काळातल्या अभ्यासांतून एक अगदी साधी युक्ती कामाची ठरली. प्रमुखाने दर काही मिनिटांनी थोडक्यात सांगायचं, की मला परिस्थिती अशी दिसते आहे आणि मला काळजी या गोष्टीची आहे. एवढं केलं की हाताखालचे लोक न मागता योग्य ती माहिती पुरवू लागतात. प्रश्नोत्तरं कमी होतात, वेळ वाचतो. हुकमाच्या साखळीतला एकही चौकोन न हलवता चमूची खरी रचना, म्हणजे बोलण्याची वाट, बदलते.

आता मिशिगनच्या त्या खेळाकडे परत जाऊ, कारण तिथल्या एका निष्कर्षाकडे अजून पुरेसं लक्ष गेलं नाही असं मला वाटतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी काही चमूंची रचना मध्येच बदलली. काहींना कामानुसार वाटणीतून भागानुसार वाटणीत नेलं, काहींना उलट. दोन्ही बदल सारखेच अवघड असतील असं कुणालाही वाटेल. तसं नव्हतं. कामानुसार काम केलेले चमू स्वतंत्र रचनेत सहज रुळले. आधी स्वतंत्र राहिलेले चमू मात्र एकमेकांवर अवलंबून राहायच्या रचनेत अडखळले. पहिल्यांना विचारायची, सांगायची, मदत करायची सवय लागली होती आणि ती त्यांनी सोबत नेली. दुसऱ्यांना आपल्यापुरतं पाहायची सवय लागली होती. तीही त्यांनी सोबत नेली. २०११ च्या आणखी एका अभ्यासात निर्णयाच्या अधिकाराबद्दल हेच दिसलं: एकवटलेला अधिकार खाली वाटणं सोपं, वाटलेला पुन्हा वर गोळा करणं कठीण. हे प्रयोग बहुतांशी विद्यार्थ्यांवर झालेले आहेत, मुरलेल्या सैनिकांवर नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. तरीही युद्धाच्या इतिहासाशी ते इतके जुळतात की दुर्लक्ष करवत नाही.

इराकमधला अनुभव पाहा. २००३ नंतर तिथल्या अमेरिकी विशेष दलांच्या टास्क फोर्सकडे उत्तम कमांडो होते, उत्तम हेरही होते. पण छापा घालणारे, फोन ऐकणारे, कागदपत्रं वाचणारे सगळे आपापल्या कप्प्यात. पकडलेले कागद न उघडता पोत्यांत पडून राहत. टास्क फोर्सचे प्रमुख जनरल मॅकक्रिस्टल यांनी हुद्द्यांचा तक्ता फारसा न बदलता माहितीच्या वाटा बदलल्या. रोज एक लांब व्हिडिओ बैठक, जिच्यात पुढे हजारो लोक जगभरातून सहभागी होऊ लागले. दुसऱ्या संस्थांत संपर्क अधिकारी म्हणून आपली सर्वोत्तम माणसं पाठवणं. आणि छाप्याचा निर्णय जागेवरच्या माणसाकडे. त्यांनीच सांगितलेल्या आकड्यांनुसार ऑगस्ट २००४ मध्ये महिन्याला १८ छापे पडत होते, दोन वर्षांनी ३००. वेग वाढला हे निर्विवाद. पण छाप्यांची संख्या म्हणजे विजय नव्हे, आणि रात्रीअपरात्री चुकीचं दार फुटलं तर त्याची किंमत सामान्य इराकी कुटुंबांनी मोजली. रचना कशाचा वेग वाढवते आहे, हे विचारल्याशिवाय तिचं कौतुक अपुरं राहतं.

रशियाने उलट दिशेने ताणून पाहिलं. डिव्हिजन मोडून ब्रिगेडी केल्या, आणि त्यांतून 'बटालियन टॅक्टिकल ग्रुप' काढले. सहाशे ते नऊशे माणसं, त्यांत तोफा, रॉकेटं, रणगाडे, हवाई संरक्षण, सगळं. २०२१ मध्ये असे १६८ ग्रुप असल्याचं रशियाच्या संरक्षणमंत्र्यांनी सांगितलं होतं. कागदावर हा भागानुसार वाटणीचा कळस. प्रत्यक्षात २०२२ मध्ये युक्रेनमध्ये त्याचं अपुरेपण उघडं पडलं. गाडीतून उतरून लढणारं पायदळ थोडकं, म्हणून गावात आणि रानात रणगाडे उघडे पडत. बटालियनच्या छोट्याशा मुख्यालयावर एका ब्रिगेडच्या मुख्यालयाएवढा भार. आणि बरेचसे ग्रुप आपापल्या ब्रिगेडमधली करारावर भरती झालेली माणसं वेचून जोडलेले, म्हणजे मूळ घरही मोडलेलं. युद्ध लांबलं तसे हे ग्रुप मागे पडले, त्यांच्या जागी छोट्या हल्ला-तुकड्या आल्या आणि वरच्या पातळीवर डिव्हिजन परतल्या.

युक्रेनची अडचण मिशिगनच्या निष्कर्षाशी जवळची आहे. तिथल्या ब्रिगेडी स्वतंत्र वृत्तीच्या. कित्येकींनी आपापल्या हिमतीवर ड्रोन जमवले, लोकवर्गणीतून साधनं घेतली, स्वतःची भरती मोहीम चालवली. त्या स्वतंत्रपणामुळे नव्या कल्पना झपाट्याने पसरल्या. २०२४ मध्ये युक्रेनने चालकरहित यंत्रांसाठी सैन्याची वेगळी शाखाच काढली. पण बहुतेक ब्रिगेडींच्या वर लढाई चालवणारं कायमचं मुख्यालय नव्हतं. तात्पुरते गट होते, ज्यांच्याकडे आज ही ब्रिगेड, उद्या ती. दोन ब्रिगेडींच्या मधली जागा कुणाची, हे स्पष्ट नसे, आणि रशियन फौज नेमकी अशाच सांध्यांवर दाब देत असे. म्हणून २०२५ च्या सुरुवातीपासून तिथे कोअर उभारण्याचं काम सुरू झालं. अनेक ब्रिगेडी एका कायमच्या मुख्यालयाखाली, ठरलेल्या टापूत.

दिशा लक्षात घ्या. स्वतंत्र असलेल्यांना एकमेकांवर अवलंबून राहायला शिकवायचं आहे, म्हणजे तोच कठीण रस्ता, आणि तोही चालू लढाईत, खंदक न सोडता. ब्रिगेड कमांडरला आपले ड्रोन शेजाऱ्यासाठी द्यावे लागणार, आपल्या मागणीचा क्रम दुसऱ्याने ठरवलेला मान्य करावा लागणार. कोअरच्या मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांना आजवर न केलेलं काम शिकावं लागणार. कोअरचा नकाशा तयार झाला तरी दोन शेजारी ब्रिगेडींचे अधिकारी रात्री कुठल्या रेडिओवर एकमेकांना हाक मारतात, आणि ती हाक ऐकून दुसरा आपलं राखीव दल हलवतो का, हे आता महिनोन्‌महिने त्या सांध्यांवर ठरत राहील.